जुन्या लाकडाचं नवं फर्निचर आणि उघडता येणारे जोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये वाड्याच्या तुळया, कारखान्याच्या पेट्या आणि मळ्यातले बांबू यांच्यापासून मी फर्निचर करतो. ज्यांना शिकायचंय त्यांना रविवारी सकाळी शिकवतोही. लोक फोनवर विचारतात ते प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. जे स्वतःच्या हातून गेलंय तेवढंच लिहिलंय.

टिकाऊ फर्निचर म्हणजे सागवानी फर्निचर ना?

सागवान टिकतं, त्यात वाद नाही. पण खुर्ची मोडते ती बहुतेक वेळा फळीत मोडत नाही, जोडात मोडते. लाकूड शंभर वर्षांचं आणि जोड पाच वर्षांचा असेल, तर ती खुर्ची पाच वर्षांचीच. म्हणून कुठलीही वस्तू समोर आली की मी आधी एकच बघतो: ही उघडून पुन्हा जोडता येईल का?

आजीच्या घरची बाज आठवा. चार पाय, चार दांड्या आणि विणलेला सुंभ. दांड्यांची टोकं पायांच्या भोकात नुसती बसवलेली असतात, त्यांना धरून ठेवतो तो विणीचा ताण. बाज सैल झाली की पायथ्याची दोरी ओढायची. एक पाय गेला तर तेवढाच नवा करायचा. बैलगाडीचं चाकही तसंच: लोखंडी धाव तापवून चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. धाव आकसते आणि सगळे आरे जागच्या जागी आवळले जातात, एकही खिळा न मारता. टिकाऊ फर्निचरचा धडा आपल्याकडे आधीपासून आहे, तो फक्त फ्लॅटमध्ये आणायचाय.

मग तयार मिळणारं नवं फर्निचर लवकर खराब का होतं? तेही स्क्रूचंच असतं की.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि चिकट राळ दाबून केलेली पाटी. स्क्रू पहिल्यांदा चांगला धरतो. कपाट एकदा उघडून दुसऱ्या घरी जोडलं की त्याच भोकातला चुरा सुटलेला असतो, स्क्रू नुसता फिरत राहतो. खालच्या कडेला फरशी पुसल्याचं पाणी लागलं की बोर्ड फुगतो आणि फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा असं दर दोन-तीन वर्षांनी घर बदलणाऱ्या भाडेकरूंची कपाटं तिसऱ्या घरी हमखास डुगडुगतात. वापरणाऱ्याचा यात काही दोष नसतो.

नाशिकमध्ये जुनं लाकूड मिळतं कुठे?

पहिली जागा म्हणजे जुनं नाशिक आणि पंचवटी. तिथले वाडे उतरवले जातात तेव्हा तुळया, वासे, कडीपाटाच्या (आडव्या कड्यांवर फळ्या टाकलेल्या छताच्या) फळ्या, खांब, दारं निघतात. बहुतेक सागवान, आणि असं वाळलेलं की ते नव्या लाकडापेक्षा खूपच कमी वाकतं. हे लाकूड जुन्या सामानाच्या दुकानांत येतं, पण तिथे पोचेपर्यंत त्याचे बरेचदा तुकडे झालेले असतात. शक्य असेल तर वाडा उतरवणाऱ्या ठेकेदाराशी आधीच बोला.

दुसरी जागा सातपूर आणि अंबड. कारखान्यांत मशीन आणि सुटे भाग येतात ते लाकडी पेट्यांत आणि पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या बैठकीवर. हे बहुतांशी पाईन असतं: हलकं, मऊ, गाठींचं. एका कारखान्यातून एकाच मापाच्या पट्ट्या पन्नास-शंभर मिळतात, हा त्याचा मोठा फायदा. वाड्याच्या लाकडात दोन तुळया सारख्या सापडत नाहीत.

तिसरी जागा लोक विसरतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातले बंगले आता पाडले जातात आणि त्यांच्या दार-खिडक्यांच्या चौकटी निघतात. चौकटीचं लाकूड साधारण चार इंच बाय अडीच इंच असतं, म्हणजे टेबलाचे पाय जवळजवळ तयारच. सिमेंट चिकटलेलं असतं म्हणून कोणी घेत नाही. छिन्नीनं ते निघतं.

आणि आधी स्वतःच्या घराचा माळा बघा. मोडका पाट, चौरंग, पाळण्याच्या दांड्या, झोपाळ्याची फळी. झोपाळ्याची फळी मिळाली तर ती कापू नका, तिला कड्या लावून झोपाळाच करा.

वखारीतून नवं लाकूड घ्यायची वेळ आली तर बिल घ्या. पेठ, सुरगाणा, हरसूल हा जंगलाचा पट्टा आपल्याला लागून आहे. बिनबिलाचं सागवान स्वस्त पडतं ते का, हे आपण सगळे जाणतो. जुनं लाकूड घेतानाही ते कुठल्या घरातून निघालं याची साधी पावती ठेवावी.

पॅलेटवर शिक्के असतात, त्यांचा अर्थ काय? घरात वापरणं सुरक्षित आहे का?

शिक्का बघितल्याशिवाय पॅलेट घरात आणू नका. देशाबाहेर जाणाऱ्या लाकडी पेट्यांतून किडे पसरू नयेत म्हणून २००२ पासून एक आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याच्या शिक्क्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, कारखान्याचा क्रमांक आणि लाकडावर केलेली प्रक्रिया असते. प्रक्रियेच्या जागी ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला निदान ३० मिनिटं तापवलेलं आहे. हे घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. मी ते घरात वापरत नाही आणि तुम्हालाही वापरू देणार नाही.

देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटवर बहुधा शिक्काच नसतो. तेव्हा नाकानं आणि डोळ्यांनी ठरवायचं: तेलाचे डाग, रसायनाचा वास, हिरवट रंग दिसला की सोडून द्या. त्यावर पूर्वी काय ठेवलं होतं हे कारखान्याच्या स्टोअरमधल्या माणसाला विचारलं तर तो सांगतो, लपवत नाही.

पेटीच्या लाकडाला कमी लेखू नका. नेदरलँड्सचे गेरिट रिटवेल्ड हे मोठे डिझायनर, त्यांनी १९३४च्या सुमारास पेटीच्या फळ्यांपासून खुर्च्या केल्या होत्या, घरी नेऊन स्वतः जोडता येतील अशा.

आमचा पंचवटीतला वाडा उतरवतोय. काय ठेवायचं, काय द्यायचं?

आधी एक विनंती: जेसीबी लावण्याआधी चार दिवस थांबा. एकदा भिंत ढकलली की तुळई मधोमध मोडते आणि मग ती फक्त बंबात घालायच्या लायकीची उरते. कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. शंभर वर्षं धरून ठेवलेला तो कार्बन एका थंडीत जाळून टाकू नका.

खडू घ्या आणि प्रत्येक तुळईवर, खांबावर क्रमांक घाला. मोबाईलवर प्रत्येक जोडाचा फोटो काढा. वाडा वरून खाली उतरवायचा, बांधला त्याच्या उलट क्रमानं. कडीपाटाच्या फळ्या आधी, मग कड्या, मग तुळई, शेवटी खांब.

मागच्या वर्षी एका आळीत असाच वाडा उतरवताना मी होतो. खांबाच्या डोक्यावरचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, तुळईत बसलेलं आणि दोन्हींतून आरपार बोटाएवढी लाकडी मेख मारलेली. आम्ही मेखेच्या बारीक टोकावर लाकडाचा ठोकळा ठेवून तीन-चार हलके ठोके दिले. मेख अर्धा इंच बाहेर आली, मग पक्कड लावून फिरवत काढली. आतला भाग नव्या लाकडासारखा पिवळसर सोनेरी होता आणि पटाशीच्या, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीच्या, खुणा स्पष्ट दिसत होत्या. ज्या माणसानं ती मेख ठोकली त्यानं ती कधीतरी काढावी लागेल हे धरूनच ठोकली होती. ती मेख आता माझ्या कामाच्या टेबलावर असते.

काय ठेवायचं? कोरीव दार, नक्षीचे खांब, हस्त (खांबाला लावलेले नक्षीचे टेकू), देवळी हे जसंच्या तसं ठेवा. घरात जागा नसेल तर जो तसंच वापरेल त्याला द्या. कोरीव दाराचे चार तुकडे करून टीव्हीमागे लावायला मी नाही म्हणतो, कितीही पैसे मिळाले तरी. साध्या तुळया, वासे, फळ्या मात्र खुशाल फर्निचरला घ्या, त्यासाठीच त्या आहेत. जुने जोड कसे असतात ते पाहायचं असेल तर सराफ बाजारातल्या सरकारवाड्याचं लाकूडकाम मान वर करून शांतपणे बघा.

जुन्या लाकडातले खिळे कसे काढायचे?

उलट्या बाजूनं टोक ठोकून डोकं वर आणायचं, मग पक्कड किंवा पहार, खाली लाकडाचा तुकडा ठेवून. गंजलेला खिळा आत तुटला तर लोहचुंबक फिरवून जागा शोधा आणि खडूनं गोल करा. हे न करता रंध्याच्या मशीनवर फळी दिली तर पातं जातं आणि मिस्त्री पुढच्या वेळी जुनं लाकूड घेत नाही. सागवानात लोखंडाभोवती काळा डाग पडतो. तो मी घालवत नाही, लाकडाचं वय दिसू द्यावं.

वाळवी किंवा किडा घरात येईल का?

फळी उभी धरून आपटा. पांढरट पिठासारखा भुसा पडला तर आत भुंगेरा जिवंत आहे. भोकं आहेत पण काही पडत नाही, आणि पंधरा दिवस काळ्या कागदावर ठेवूनही काही दिसत नाही, तर किडा केव्हाच गेलेला. भुंगेरा बहुतेक बाहेरच्या पांढऱ्या लाकडात असतो, सागाच्या गाभ्यात फारसा जात नाही. पांढरा भाग तासून काढणं हा सगळ्यांत चांगला उपाय.

जे वापरायचं आहे त्याला बोरॅक्स आणि बोरिक पावडरचं पाण्यातलं द्रावण दोन-तीन हात लावा, रंध्याने वरचा जुना पॉलिश काढल्यावर, म्हणजे आत मुरेल. हातमोजे घाला. हे द्रावण पाण्यात धुतलं जातं, त्यामुळे बाहेर पावसात ठेवायच्या वस्तूला त्याचा उपयोग नाही. वाळवी जमिनीतून येते. पाय थेट मातीला किंवा ओलसर भिंतीला टेकवू नका, खाली दगडाची चकती द्या. नुसतं उन्हात वाळवून वाळवी जात नाही.

जुन्या दाराला ऑईलपेंटचे पाच थर आहेत. घासून काढू?

कोरडं घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल रंगात शिसं आहे असंच धरून चाला. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. रंग काढायचं द्रावण लावून ओला खरवडा, मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी तिथे येऊ देऊ नका, आणि खरवडलेला रंग अंगणात झाडू नका. रंग घट्ट बसलेला असेल आणि दार नुसतं भिंतीला टेकवायचं असेल, तर तो न काढता वर नवा रंग देणं जास्त शहाणपणाचं.

मी सुतार नाही. मला जमतील असे जोड कोणते?

चार जोड शिकलात तर घरातलं बहुतेक सगळं करता येईल.

पहिला, निम्मी-निम्मी खाच. दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या येतात तिथे दोन्हींची निम्मी जाडी काढायची, म्हणजे त्या एका पातळीत बसतात. करवतीनं बाजूच्या दोन रेघा कापा, मध्ये आणखी चार-पाच काप घ्या आणि पटाशीनं ते तुकडे उडवा. कप्प्यांची मांडणी, फुल्लीच्या पायाचं टेबल, पुस्तकाचा रॅक यावर होतं. नवशिक्याची नेहमीची चूक एकच: रेघेच्या मधोमध कापणं. रेघेच्या आतून कापा, म्हणजे टाकाऊ बाजूनं. रेघ शेवटी लाकडावर शिल्लक दिसली पाहिजे.

दुसरा, कुसू आणि भोक. एका लाकडाच्या टोकाला जीभ, दुसऱ्याला तिच्या मापाचं भोक. जिभेची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवा. फार जाड केलीत तर भोकाच्या भिंती पातळ होऊन फुटतात, फार बारीक केलीत तर जीभच तुटते. आधी भोक करा, मग त्याला बेतून कुसू. भोक मोठं झालं तर लहान करता येत नाही, कुसू मात्र रंध्यानं एक-एक केस कमी करता येतं. कुसू हातानं ढकलून शेवटचा पाव इंच हातोडीच्या लाकडी दांड्यानं ठोकून गेलं पाहिजे. हातानं पूर्ण गेलं तर सैल आहे, निम्म्यावर हातोडी लागली तर भोक फुटेल.

तिसरा, पाचरीचा जोड, माझा सगळ्यांत आवडता. इथे कुसू भोकातून आरपार बाहेर येतं आणि बाहेर आलेल्या भागाला खिडकीसारखं लहान भोक पाडून त्यात पाचर ठोकतात. पाचर जितकी खाली जाते तितका जोड आवळतो. गोंद नाही, खिळा नाही, स्क्रू नाही. पावसाळा संपून लाकूड आकसलं की पाचरीला दोन ठोके द्यायचे, टेबल पुन्हा घट्ट. घर बदलायचं तर पाचर उलट ठोकून काढायची आणि टेबल फळ्यांच्या गठ्ठ्यासारखं टेम्पोत जातं. पाचर बाभळीची किंवा चिंचेची करा, टेबलापेक्षा टणक लाकडाची.

चौथा, नट-बोल्ट. याला लाज वाटायचं काही कारण नाही. आठ एमएमचा बोल्ट, दोन्हीकडे मोठा वायसर, म्हणजे डोकं लाकडात रुतत नाही. स्क्रूचं वाईट असं की तो फळीच्या टोकातून, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेनं मारला तर फार कमी धरतो, आणि काढून पुन्हा मारला की आणखी कमी. बोल्ट हजारदा काढा, तो लाकडाला धरतच नाही, नटाला धरतो.

म्हणजे फेव्हिकॉल वापरायचाच नाही?

वापरायचा, पण कुठे ते ठरवून. दोन अरुंद फळ्या कडेला कड लावून रुंद पाट करायचा असेल तर पांढरा गोंद उत्तम, तिथे गोंदाचा जोड लाकडाइतकाच मजबूत होतो. पाय आणि आडवी पट्टी यांच्या जोडाला मी गोंद लावत नाही. सैल होणारा जोड तोच असतो, आणि दुरुस्तीसाठी उघडावा लागणाराही तोच.

मे महिन्यात टेबलाची फळी तडकली. लाकूड खराब होतं का?

बहुधा नाही, फळी बांधून टाकलेली असणार. माझ्या पहिल्या टेबलाचं असंच झालं. वाड्याच्या दोन फळ्या जोडून वरचा पाट केला, खालच्या चौकटीला गोंद लावला आणि चारही कडांनी स्क्रू मारून घट्ट केला. ऑगस्टमध्ये ते काम केलं होतं. पुढच्या मे महिन्यात एका रात्री मोठा आवाज झाला आणि सकाळी पाटात हातभर चीर दिसली. ज्यांच्याकडे ते टेबल होतं त्यांना मी नवा पाट करून दिला, आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून लाकूड हलतं कसं ते नीट समजून घेतलं.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. नाशिकची हवा एप्रिल-मे महिन्यांत कोरडी ठणठणीत असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट. एवढ्या फरकात सागाची एक फूट रुंद फळी साधारण दोन मिलिमीटर कमी-जास्त होते, तीन फूट रुंद पाट सहा मिलिमीटर. त्याला जागा दिली नाही तर तो स्वतःला फाडून घेतो. उपाय सोपा: मधला स्क्रू घट्ट, बाजूच्या स्क्रूंची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेनं लांबट. गोंद अजिबात नाही.

पुस्तकांचं शेल्फ मधे वाकतं. फळी किती जाड हवी?

पाऊण इंचाची फळी असेल तर दोन टेकूंमधलं अंतर अडीच फुटांच्या आत ठेवा. जाडी दुप्पट केली की फळी आठपट ताठ होते, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. जाड फळी नसेल तर पुढच्या कडेखाली दीड इंचाची उभी पट्टी बोल्टनं लावा.

टोमॅटोच्या मळ्यातले बांबू चालतील का?

पिंपळगाव-दिंडोरीकडे हंगाम संपला की टोमॅटोच्या मांडवाचे बांबू बांधावर पडून असतात. दोन-तीन हंगाम उन्हापावसात राहिलेले बांबू फर्निचरला नकोत, त्यांना उभ्या चिरा गेलेल्या असतात. नखानं टोचून बघा आणि आपटून आवाज ऐका, चांगला बांबू खणखणतो.

नवा बांबू घ्यायचा तर तीन वर्षांवरचा, पावसाळ्यानंतर तोडलेला. कोवळ्या बांबूत पिष्ट जास्त असतं, त्यालाच भुंगेरा लागतो. जुनी माणसं बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत ते पिष्ट धुऊन जावं म्हणूनच. आता बोरॅक्स-बोरिकच्या द्रावणात बुडवतात. २०१७ मध्ये कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूला ‘झाड’ म्हणणं थांबलं, त्यामुळे शेतातला बांबू तोडणं-विकणं सोपं झालंय. आपल्या भागातला मानवेल भरीव असतो, पायांसाठी तोच घ्या.

बांबूला खिळा मारू नका, उभा चिरतो. भोक पाडून बांबूचीच खुंटी घाला आणि वरून ओल्या सुतळीनं करकचून बांधा. सुतळी सैल झाली की पुन्हा बांधता येते. एखाद्या बुरूड कारागिराजवळ तासभर बसायला मिळालं तर ती संधी सोडू नका, बांबू कुठे चिरायचा आणि कुठे नाही हे त्यांच्या बोटांना जितकं कळतं तितकं कुठल्याही व्हिडिओतून कळणार नाही.

प्लास्टिकची कॅरेट, द्राक्षबागेतले अँगल यांचं काय?

अँगल उत्तम. बाग काढल्यावर निघणाऱ्या लोखंडी अँगलला भोकं आधीच असतात, बोल्टनं जोडून रॅकचा सांगाडा होतो, गंज घासून रेड ऑक्साइड द्या. कॅरेट सावलीत कप्प्यासारखं वापरायला ठीक आहे, पण बसायला नको: उन्हात वर्षानुवर्षं राहिलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि न सांगता तुटतं.

हत्यारं कोणती लागतील?

बारीक दातांची करवत, एक इंच आणि अर्धा इंच पटाशी, लहान रंधा, गुण्या (काटकोन तपासायला), हँड ड्रिल किंवा विजेचं ड्रिल, लाकडी हातोडा, दोन शिकंजे (क्लॅम्प), आणि धार लावायचा दगड. दगड सगळ्यांत महत्त्वाचा. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली पटाशी घसरून हातात जाते. कामाआधी पंधरा मिनिटं धार लावा.

पॉलिश कुठलं द्यावं?

रोजच्या टेबलाला जवसाचं तेल. पातळ हात, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे तीन-चार हात. कच्चं तेल वाळायला आठवडे लागतात, उकळवलेलं लवकर वाळतं. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी घासून तेल लावता येतं, म्हणून मला ते आवडतं. चपडा लाख स्पिरीटमध्ये विरघळवून दिलेलं पॉलिश देव्हाऱ्याला, पेटीला सुंदर दिसतं, पण गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं.

एक गोष्ट मनावर घ्या. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि गुंडाळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, आपल्या मे महिन्यात तर अधिकच. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

हे स्वस्त पडतं का?

लाकूड स्वस्त, वेळ महाग. खिळे काढणं, साफ करणं, सरळ करणं यातच निम्मा वेळ जातो. स्वतः करणार असाल तर नक्की स्वस्त. करून घेणार असाल तर पार्टिकल बोर्डाच्या वस्तूपेक्षा जास्त पैसे जातील, नव्या सागवानापेक्षा कमी.

लाकूड घनफुटावर विकतात, म्हणून हिशेब स्वतः करता यावा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे ७२ भागिले १४४, अर्धा घनफूट. कुजलेली टोकं आणि खिळ्यांनी फाटलेला भाग वजा करून माप लावायला सांगा.

मिस्त्रींकडून करून घ्यायचं तर काय सांगू? ते म्हणतात, ‘स्क्रू मारतो, हलणार नाही.’

त्यांचं म्हणणं आजच्यापुरतं खरं आहे, ते काम करतात त्या प्लायवुडला तेच चालतं. ‘मिस्त्री, मला हे टेबल दोन वर्षांनी उघडून न्यायचंय’ असं सांगा आणि जोडाचं चित्र कागदावर काढून द्या. बहुतेक वयस्क मिस्त्रींना कुसू-पाचर येतं, कोणी मागत नाही म्हणून बंद झालंय. मी एका काकांना पाचरीचं टेबल सांगितलं तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, वडिलांबरोबर शेवटचं केलं होतं. मग त्यांनी पिशवीच्या तळातून वडिलांची पटाशी काढली. मजुरी ठरवताना या कामाला वेळ जास्त लागतो हे धरा, घासाघीस करू नका.

सुरुवात कशापासून करू?

बाकापासून. दोन रविवार द्या. लाकूड सव्वा इंच जाड, वाया जाणारं धरून साधारण पाऊण घनफूट. बसायची फळी तीन फूट लांब, दहा इंच रुंद. दोन पाय-फळ्या सोळा इंच उंच, नऊ इंच रुंद, रेषा उभ्या. मधली आडवी पट्टी साडेएकतीस इंच लांब, चार इंच रुंद.

पट्टीच्या दोन्ही टोकांना अडीच इंच उंचीचं कुसू काढा, वरून आणि खालून पाऊण-पाऊण इंच कमी करून. कुसवाची लांबी पावणेचार इंच, म्हणजे सव्वा इंच पाय-फळीत जाऊन अडीच इंच बाहेर येईल. हे पातळ फळीतून आरपार जाणारं कुसू आहे, म्हणून इथे जाडी एक तृतीयांश करायची नाही, पूर्ण सव्वा इंच ठेवायची. त्याच मापाचं भोक दोन्ही पाय-फळ्यांत, मधोमध.

जोड बसवून बघा आणि पाय-फळीची बाहेरची कड कुसवावर पेन्सिलनं आखा. आता उघडा. पाचरीचं भोक अर्धा इंच रुंद, कुसवाच्या वरून खालपर्यंत, आणि त्याची आतली कड त्या पेन्सिलच्या रेघेच्या किंचित आत, गव्हाच्या दाण्याएवढी. हा दाणा विसरलात तर पाचर नुसती भोकात उभी राहते, ओढत नाही. भोकाच्या बाहेर कुसवाचं दीड इंच लाकूड राहिलं पाहिजे, नाहीतर पाचर ते फोडून जाईल. पाचरीला उतार आठास एक, म्हणजे आठ इंच लांबीत एक इंच निमुळती.

बसायच्या फळीखाली, प्रत्येक पाय-फळीच्या आतल्या बाजूला एक आडवी पट्टी लावा: मधला स्क्रू घट्ट, बाजूचे लांबट भोकांत. ती पट्टी पाय-फळीला दोन बोल्टनं जोडा. बसायची उंची सव्वासतरा इंच येते.

शेवटी पाचरी. दोन्हीकडे आलटून-पालटून ठोका, एक इकडे, एक तिकडे. आधी आवाज पोकळ येतो, मग एका ठोक्याला तो बदलतो, भरीव होतो. तिथे थांबा. आणखी एक ठोका द्यायचा मोह होईल, देऊ नका. तो दिवाळीनंतर लाकूड आकसेल तेव्हा लागणार आहे.